विश्लेषण : कूलंट घटते, पण गळती सापडत नाही... डिझेल मोटारींतील ‘ईजीआर कूलर’ डोकेदुखी का ठरतो?

डिझेल मोटारीच्या कूलंटची पातळी दर पंधरा दिवसांनी खाली जाते. गाडीखाली ओला डाग नाही, होजपाइप कोरडे आहेत, रेडिएटरही धडधाकट आहे. सकाळी गाडी सुरू केली की मागून पांढरा धूर येतो आणि मिनिटभरात थांबतो. अशी गाडी गॅरेजमध्ये गेली की बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते. एक, ‘हेड गॅस्केट गेले, इंजिन खोलावे लागेल’. दोन, ‘ईजीआर बंद करून टाकू, कटकटच नको’. पहिल्या उत्तरात विनाकारण मोठा खर्च होऊ शकतो आणि दुसऱ्यात कायदा मोडला जातो. खरा दोषी अनेकदा या दोहोंच्या मधला एक लहानसा भाग असतो, तो म्हणजे ईजीआर कूलर. हा भाग काय काम करतो, तो का बिघडतो, बिघाड नेमका कसा ओळखायचा आणि दुरुस्ती करताना कोणती काळजी घ्यायची, याविषयी...

ईजीआर म्हणजे काय?

ईजीआर म्हणजे ‘एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन’. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचा काही भाग सायलेन्सरकडे जाऊ न देता तो पुन्हा इंजिनात येणाऱ्या हवेत मिसळण्याची ही व्यवस्था. एकदा जळून गेलेला वायू पुन्हा आत घेण्यात काय हशील, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर ज्वलनाच्या तापमानात आहे.

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो कुणाच्या अध्यात-मध्यात नसतो. मात्र डिझेल जळताना सिलिंडरमधील ज्योतीचे तापमान २,००० अंश सेल्सियसच्या आसपास जाते. साधारण १,५०० अंशांच्या पुढे नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा संयोग वेगाने होऊ लागतो आणि नायट्रोजनची ऑक्साइड, म्हणजे ‘नॉक्स’ तयार होतात. हे वायू श्वसनमार्गाला त्रासदायक असतात, शिवाय सूर्यप्रकाशात त्यांच्यापासून जमिनीलगतचा ओझोन आणि सूक्ष्म कणही तयार होतात. हवेत थोडा धूर मिसळला की ऑक्सिजनचे प्रमाण कमी होते. धुरातील कार्बन डायऑक्साइड आणि वाफ उष्णता शोषून घेतात. परिणामी ज्योतीचे तापमान उतरते आणि नॉक्स कमी तयार होते. इंजिनावर भार कमी असताना हे प्रमाण बरेच जास्त ठेवता येते. पूर्ण ताकद हवी असते तेव्हा ईजीआरचा व्हॉल्व्ह जवळजवळ बंद होतो.

मग कूलर कशासाठी?

इंजिनातून निघणारा धूर भार असताना ५०० ते ६०० अंश सेल्सियसच्या घरात असू शकतो. इतका तप्त वायू थेट आत घेतला तर हवा प्रसरण पावते, सिलिंडरमध्ये कमी हवा मावते, काजळी वाढते आणि नॉक्स कमी करण्याचा हेतूही अर्धवट राहतो. म्हणून हा धूर आधी थंड केला जातो. ते काम ईजीआर कूलर करतो.

त्याची रचना साधी आहे. स्टेनलेस स्टीलच्या डब्यात बारीक नळ्या किंवा पातळ पत्र्याच्या पापुद्र्यांसारखे मार्ग असतात. आतून धूर जातो आणि बाहेरून इंजिनाचे कूलंट फिरते. बहुतेक कूलरना एक ‘बायपास’ झडपही असते. इंजिन थंड असताना धूर कूलरला वळसा घालून जातो, जेणेकरून इंजिन लवकर तापावे. थोडक्यात, एका बाजूला काजळीने भरलेला तप्त आम्लधर्मी धूर आणि दुसऱ्या बाजूला दाबाखालचे कूलंट, या दोघांना वेगळे ठेवते ती केवळ पातळ पत्र्याची भिंत. या भिंतीला तडा जाणे हेच या दुखण्याचे मूळ.

हा भाग अलीकडे एवढा महत्त्वाचा का झाला?

उत्सर्जनाचे निकष जसजसे कठोर होत गेले, तसतसा ईजीआरवरचा भार वाढत गेला. ‘भारत स्टेज-४’ निकषांत डिझेल मोटारीला प्रति किलोमीटर २५० मिलिग्रॅम नॉक्सची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या ‘भारत स्टेज-६’मध्ये ही मर्यादा ८० मिलिग्रॅमवर आली. म्हणजे दोनतृतीयांशाहून अधिक कपात. धुरातील कणांची मर्यादाही २५ वरून ४.५ मिलिग्रॅम झाली. त्यासाठी काजळी अडवणारा डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर (डीपीएफ) आला, नॉक्ससाठी वेगळे कॅटॅलिस्ट किंवा युरियाची फवारणी आली. तरी नॉक्स मुळात तयारच होऊ नये यासाठी ईजीआर कायम राहिला. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून उत्सर्जन मोजण्याचा टप्पाही लागू झाला. त्यामुळे ईजीआरला आता प्रयोगशाळेबाहेरही आपले काम चोख करावे लागते.

कूलर ‘गेला’ म्हणजे नेमके काय होते?

बिघाडाचे तीन प्रकार असतात आणि तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत. पहिला, काजळीने तुंबणे. धुरातील कण गरम भागाकडून थंड भिंतीकडे ओढले जातात आणि तिथेच चिकटतात. त्यावर न जळलेल्या डिझेलचा आणि तेलाचा चिकट थर बसतो. धूर नीट थंड होत नाही, मार्ग अरुंद होतो. दुसरा प्रकार बाहेरच्या गळतीचा. सांध्यातून, ओ-रिंगमधून किंवा होजच्या तोंडापाशी कूलंट बाहेर झिरपते. ते दिसते, त्यामुळे सापडतेही.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. आतल्या भिंतीला बारीक तडा जातो आणि कूलंट धुराच्या मार्गात शिरते. ते इंजिनात जाऊन जळते, वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जाते. बाहेर थेंबही दिसत नाही. कूलंट ‘हवेत विरून’ गेल्यासारखे वाटते ते यामुळे.

या तड्यातून वाहतूक दोन्ही बाजूंनी होते, हे लक्षात घेतले तर लक्षणांचा उलगडा होतो. इंजिन तापल्यावर कूलंटच्या यंत्रणेत साधारण एक बार किंवा थोडा अधिक दाब असतो. गाडी बंद केली की धुराच्या बाजूचा दाब शून्यावर येतो, पण कूलंटच्या बाजूचा दाब बराच वेळ टिकतो. या काळात कूलंट तड्यातून पलीकडे झिरपून साचते. सकाळी गाडी सुरू करताच ते जळते आणि पांढरा धूर येतो. याउलट घाट चढताना टर्बोमुळे धुराच्या बाजूचा दाब कूलंटपेक्षा जास्त होतो. मग धूर कूलंटमध्ये घुसतो, टाकीत बुडबुडे येतात, होज दगडासारखे टणक होतात आणि झाकणातून कूलंट बाहेर फेकले जाते.

कूलर फुटतो कशामुळे?

सर्वांत मोठे कारण म्हणजे उष्णतेचा थकवा. कूलरच्या ज्या टोकातून तप्त धूर आत येतो तिथला पत्रा दर वेळी प्रसरण पावतो आणि पुन्हा आकुंचन पावतो. हजारो फेऱ्यांनंतर सांध्यापाशी केसाएवढा तडा जातो. पण ही फक्त वयाची गोष्ट नाही. कूलंटचा प्रवाह कमी झाला तर वर्षांचे काम काही महिन्यांत होते. प्रवाह मंदावला की तप्त टोकापाशी कूलंट उकळू लागते. वाफेचा बुडबुडा पत्र्याला थंड करू शकत नाही, पत्रा आणखी तापतो आणि तडकतो. अमेरिकेत २००० नंतरच्या दशकात फोर्डच्या ६ लिटर डिझेल पिकअप गाड्यांमध्ये हे मोठ्या प्रमाणावर दिसले. तिथे ऑइल कूलर आधी तुंबत असे, त्यामुळे पुढे ईजीआर कूलरला कूलंट कमी मिळे आणि तो फुटे. नुसता ईजीआर कूलर बदलणाऱ्यांना तोच खर्च पुन्हा करावा लागे.

दुसरे कारण आपल्याकडे अधिक लागू पडते, ते म्हणजे पाणी. कूलंटची पातळी कमी दिसली की नळाचे किंवा बोअरचे पाणी ओतण्याची सवय जुनी आहे. मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्राच्या अनेक भागांत बोअरचे पाणी क्षारयुक्त असते. घरातल्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच इंजिनातही बसतो. पाणी तापले की कॅल्शियमचे क्षार बाहेर पडतात, त्यामुळे थर सर्वांत आधी सर्वांत तप्त जागी, म्हणजे ईजीआर कूलरच्या तोंडाशीच साचतो. शिवाय पाणी घालून घालून कूलंटमधील गंजरोधक रसायने पातळ होतात आणि पत्रा आतून खाल्ला जातो. धुराच्या बाजूने आम्लयुक्त ओलावा त्यात भर घालतोच.

तिसरे कारण वापराचे. रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन परत येणारी, वाहतूक कोंडीत तासभर एसी लावून उभी राहणारी डिझेल गाडी पुरेशी तापतच नाही. काजळी ओली आणि चिकट राहते. खराब इंजेक्टर किंवा तेल टाकणारा टर्बो असेल तर हा थर आणखी झपाट्याने वाढतो.

लक्षणे कोणती आणि त्यांचा अर्थ काय?

कूलंट सतत कमी होणे, पण गळती न दिसणे हे पहिले लक्षण. दुसरे, सकाळच्या पांढऱ्या धुराला येणारा गोडसर वास. कूलंटमधील ग्लायकोलचा हा वास असतो. थंडीच्या दिवसांत सायलेन्सरमधून वाफ येणे नैसर्गिक आहे. तिला वास नसतो आणि कूलंटही घटत नाही. न जळलेल्या डिझेलचा धूरही पांढराच असतो, पण त्याने डोळे चुरचुरतात. तेव्हा धुराचा रंग पाहून थेट निष्कर्ष काढू नये.

याखेरीज चढावर तापमानाचा काटा वर जाणे, गाडी ओढ कमी देणे, इंजिनाचा इशारा दिवा लागणे, डीपीएफ वारंवार तुंबणे ही लक्षणे असतात. स्कॅनरवर येणारे सांकेतिक क्रमांकही दिशा दाखवतात. ‘पी ०४०१’ म्हणजे ईजीआरचा प्रवाह अपेक्षेपेक्षा कमी, ‘पी ०४०२’ म्हणजे जास्त आणि ‘पी २४५७’ म्हणजे ईजीआर थंड करणारी यंत्रणा नीट काम करत नाही. मात्र हे क्रमांक फक्त लक्षण सांगतात, आजार नव्हे. ‘पी ०४०१’ तुंबलेल्या कूलरमुळे येऊ शकतो, तसाच चिकटलेल्या व्हॉल्व्हमुळे, फाटलेल्या व्हॅक्यूम नळीमुळे किंवा मळलेल्या हवामापक सेन्सरमुळेही. दुसरीकडे, आतून तडा गेलेला कूलर अनेकदा एकही क्रमांक दाखवत नाही, कारण कूलंट नाहीसे होत असल्याचे संगणकाला कळण्याची सोय बहुतेक गाड्यांत नसते.

हेड गॅस्केट की ईजीआर कूलर?

सर्वाधिक गल्लत इथेच होते, कारण दोन्हींत कूलंट घटते, पांढरा धूर येतो आणि टाकीत बुडबुडे दिसतात. कूलंटमध्ये धूर मिसळला आहे का, हे पाहणारी निळ्या द्रवाची चाचणी गॅरेजमध्ये केली जाते. द्रवाचा रंग बदलला की ‘हेड गॅस्केट’ असे ठरवले जाते. पण कूलरच्या तड्यातून आलेला धूरही त्या द्रवाचा रंग तसाच बदलतो. ही चाचणी धूर आहे एवढेच सांगते, तो कुठून आला हे सांगत नाही.

फरक काही खुणांवरून करता येतो. हेड गॅस्केट फुटले असेल तर सिलिंडरमधील कित्येक पट मोठा दाब थेट कूलंटमध्ये येतो. त्यामुळे थंड इंजिन सुरू केल्यानंतर थोड्याच वेळात, जागेवर उभे असतानाही होज टणक होऊ लागतात. कूलरच्या बिघाडात जागेवर सारे शांत असते, भार आल्यावर दाब वाढतो. हेड गॅस्केटमध्ये एखाद्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी भरू शकते, कूलरमध्ये चारही सिलिंडर ठीक असतात. ऑइलच्या झाकणाखाली किंवा डिपस्टिकवर दुधाळ, चहासारखा फेस दिसला तर संशय हेड गॅस्केटवर किंवा ऑइल कूलरवर जातो, कारण ईजीआर कूलरमधून झिरपलेले कूलंट सुरुवातीला ऑइलपर्यंत पोहोचत नाही. या खुणा एकेकट्या पुराव्यासारख्या वापरू नयेत. दोन-तीन एकाच दिशेने बोट दाखवू लागल्या, तरच पुढचे पाऊल टाकावे.

निदान कोणत्या क्रमाने करावे?

स्वस्त आणि काही न खोलता करता येणाऱ्या तपासण्या आधी, हा साधा नियम आहे. पहिली पायरी मालकानेच करायची. इंजिन पूर्ण थंड असताना टाकीवर पातळीची खूण करावी, किलोमीटर लिहून ठेवावेत आणि किती किलोमीटरमागे किती कूलंट घटते याची नोंद करावी. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. आतले कूलंट प्रेशर कुकरसारखे दाबाखाली असते आणि उघडताच ते उसळून चेहरा-हात भाजतात.

दुसरी पायरी म्हणजे बाहेरच्या गळतीची शक्यता संपवणे. होज, पाण्याचा पंप, रेडिएटर, हीटर आणि टाकीचे झाकण तपासावे. झाकणाची स्प्रिंग कमजोर झाली तरी कूलंट उडते आणि ते सर्वांत स्वस्त निदान असते. तिसरी पायरी दाबाच्या चाचणीची. थंड इंजिनात हातपंपाने झाकणावर छापलेल्या मर्यादेइतका दाब भरून ठेवायचा. काटा खाली आला आणि बाहेर कुठेही ओल दिसली नाही, तर गळती आतली आहे. याच वेळी ईजीआर व्हॉल्व्ह किंवा कूलरची धुराच्या बाजूची नळी काढून आत पाहावे. तिथे कोरडी काळी काजळी असणे अपेक्षित आहे. ओलावा, चिखलासारखी काजळी किंवा कूलंटचा पांढरट, हिरवट डाग दिसला तर दोषी सापडला असे समजायला हरकत नाही. तडा बारीक असेल तर दाब काही तास किंवा रात्रभर ठेवावा लागतो.

चौथी पायरी स्कॅनरची. ईजीआर व्हॉल्व्हला उघडण्याचा आदेश दिल्यावर आत येणाऱ्या ताज्या हवेचे मोजमाप घटायला हवे, कारण तिची जागा धूर घेतो. ते घटले नाही तर मार्ग तुंबला आहे. कूलरनंतरच्या वायूचे तापमान मोजणारा सेन्सर असेल, तर ते तापमान जास्त येणे म्हणजे कूलर काम करत नसल्याची खूण. शेवटची पायरी, कूलर काढून त्याची स्वतंत्र चाचणी. कूलंटची एक वाट बंद करून दुसरीतून उत्पादकाने सांगितलेल्या दाबाची हवा भरायची आणि कूलर गरम पाण्यात बुडवायचा. पंक्चर काढताना ट्यूब पाण्यात धरतात तसेच हे. पाणी गरम असण्याला महत्त्व आहे, कारण काही तडे पत्रा तापल्यावरच उघडतात. थंड पाण्यात ‘पास’ झालेला कूलर गाडीत गळतच राहतो.

दुरुस्ती होते की बदलावाच लागतो?

कूलर फक्त तुंबला असेल तर तो गाडीवरून काढून योग्य रसायनाने साफ करता येतो. तारेच्या ब्रशने खरवडणे धोक्याचे असते, आतले पापुद्रे अतिशय पातळ असतात. साफसफाईनंतर दाबाची चाचणी करूनच तो परत बसवावा, कारण कधी कधी तडा काजळीनेच बुजलेला असतो आणि साफ केल्यावर उघडा पडतो. चालू इंजिनाच्या हवेच्या मार्गात क्लीनरची फवारणी भरमसाट मारणे टाळावे. सुटलेली काजळी आणि ज्वलनशील द्रव एकदम आत गेल्यास इंजिन अनियंत्रित वेगाने फिरू शकते.

तडा गेला असेल तर मात्र कूलर बदलणे हाच उपाय. बाहेरून वेल्डिंग करून आतल्या नळीचा तडा बुजत नाही. गळती थांबवणारी भुकटी किंवा द्रव कूलंटमध्ये टाकण्याचा सल्ला मिळतो, पण तो पदार्थ हीटर, रेडिएटर आणि ऑइल कूलरच्या बारीक वाटाही बुजवतो. म्हणजे नव्या कूलरच्या नाशाची तजवीज आधीच झालेली असते.

बदलताना काही गोष्टी मागून घ्याव्यात. सर्व गॅस्केट आणि ओ-रिंग नव्या असाव्यात. क्षार साचले असतील तर संपूर्ण यंत्रणा धुऊन घ्यावी. पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट आणि ऑइल कूलर तपासले का, हे विचारावे. कूलंट उत्पादकाने सांगितलेल्या दर्जाचे आणि शुद्धीकृत पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात, बहुतेक वेळा निम्मे-निम्मे, मिसळलेले असावे. रंग सारखा म्हणजे कूलंट सारखे असे नसते. कूलंट भरताना यंत्रणेतील हवा पूर्ण काढणे अत्यावश्यक आहे. कूलरमध्ये हवेचा फुगा अडकला तर नवा पत्राही पहिल्याच आठवड्यात जळतो. जुन्या कूलरमधून बरेच दिवस कूलंट गेले असेल तर डीपीएफ आणि सेन्सर तपासावेत, कारण कूलंटमधील क्षार तिथे अडकून राहतात. शेवटी स्कॅनरने ईजीआरची मूल्ये नव्याने शिकवून गाडी चढावर चालवून पाहावी आणि पाचशे-हजार किलोमीटरनंतर पातळी पुन्हा तपासावी.

‘ईजीआर बंद करून टाकू’ हा सल्ला का घातक?

धुराच्या नळीत पत्र्याची चकती बसवून किंवा संगणकाचे सॉफ्टवेअर बदलून ईजीआर बंद करता येतो. तपासणीपुरती अशी चकती बसवून कूलंट घटणे थांबते का, हे पाहणे निदानाचा भाग ठरू शकते. कायमचा उपाय म्हणून मात्र तो चुकीचा आहे. एक तर कूलंटची बाजू तशीच राहिल्याने तडा गेलेल्या कूलरमधून गळती सुरूच राहू शकते. चकती एकाच टोकाला असेल तर दुसऱ्या टोकातून कूलंट इंजिनाकडे जाते. सिलिंडरमध्ये द्रव साचला आणि गाडी सुरू केली, तर द्रव दबत नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी इंजिनच हातचे जाते.

दुसरे, मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनात असे फेरबदल करण्यास मनाई करते. उत्सर्जनाचे निकष मोडल्यास कलम १९०(२) नुसार पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आणि तीन महिन्यांसाठी परवान्यास अपात्रता अशी तरतूद आहे. ‘पीयूसी तर मिळते’ हा युक्तिवाद फोल आहे. डिझेल वाहनाच्या पीयूसी चाचणीत धुराची दाटता मोजली जाते, नॉक्स नाही. ईजीआर बंद केल्यावर धूर उलट कमी काळा दिसतो आणि न दिसणारे नॉक्स वाढते. ते श्वासात जाते ते त्याच सिग्नलवर उभ्या असलेल्या दुचाकीस्वारांच्या.

दुर्लक्ष केल्यास काय होऊ शकते? दक्षिण कोरियाचा धडा

२०१८ च्या उन्हाळ्यात दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या मोटारींना चालताना आगी लागू लागल्या. ऑगस्टच्या मध्यापर्यंत ही संख्या ४० च्या आसपास गेली. कंपनीने जुलैअखेर सुमारे १ लाख ६ हजार मोटारी परत बोलावल्या. ऑगस्टमध्ये सरकारने तपासणी न झालेल्या सुमारे २० हजार मोटारी रस्त्यावर आणण्यास मनाई करण्याचे पाऊल उचलले. काही पार्किंगवाल्यांनी तर या मोटारींना प्रवेशच नाकारला.

कंपनीच्या मते कारण होते ईजीआर कूलरची गळती. कूलंटमधील पाणी उडून जाते, पण ग्लायकोल मागे राहतो. तो काजळी आणि तेलात मुरून चिकट, ज्वलनशील थर तयार होतो. बराच वेळ वेगात धावल्यानंतर बायपास झडप उघडी राहिली, तर थंड न झालेला धूर या थरावर येतो, ठिणग्या धुमसतात आणि हवेचा प्लास्टिकचा मॅनिफोल्ड वितळतो. ऑक्टोबरपर्यंत जगभरातील १६ लाख मोटारी या मोहिमेत आल्या. डिसेंबरमध्ये कोरियाच्या चौकशी पथकाने कूलरमध्ये कूलंट उकळत असल्याचे आढळल्याचे सांगून रचनेतच दोष असल्याचे सूचित केले, तसेच कंपनीने दोष दडवून मोटारी परत बोलावण्यास उशीर केल्याचा ठपका ठेवला. ११.२ अब्ज वॉनचा दंड झाला. कंपनीने मात्र कूलरची गळती हेच मूळ कारण असल्याची भूमिका कायम ठेवली.

भारतात सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार २०१९ च्या दुरुस्तीने, कलम ११०अ अन्वये केंद्र सरकारला मिळाला आहे. त्यामुळे एकाच प्रारूपाच्या अनेक गाड्यांत हा बिघाड दिसत असेल, तर बिले आणि निदानाचे अहवाल जपून ठेवणे व तक्रार नोंदवणे उपयोगाचे ठरते.

वाहनमालकांनी काय करावे?

महिन्यातून एकदा थंड इंजिनात कूलंटची पातळी पाहावी. अडचणीत साधे पाणी घालून गॅरेज गाठायला हरकत नाही, पण नंतर यंत्रणा रिकामी करून योग्य कूलंट भरावे. पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत ते बदलावे. गाडी शहरातच फिरत असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर चालवावी. घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद न करता मिनिटभर सुरू ठेवावे, म्हणजे पंपाने फिरणारे कूलंट तप्त भाग निववते. जुनी डिझेल गाडी घेताना ती आदल्या रात्रीपासून बंद ठेवायला सांगून सकाळी स्वतःसमोर सुरू करून पाहावी आणि ईजीआर जागेवर व चालू आहे का, हे स्कॅनरवर तपासून घ्यावे.

आणि ‘हेड उतरवावे लागेल’ असे सांगितले गेले, तर होकार देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा. ईजीआर कूलरची दाबाची चाचणी झाली का? उत्तर ‘नाही’ असेल, तर निदान अजून पूर्ण झालेले नाही.